नंतर बघू की

शेजारच्या काकूंचं बोलणं अख्ख्या पेठेला ऐकू जातं, पण कुणी काही भेट दिली की त्या गप्प होऊन ती कपाटात ठेवतात. देणाऱ्यासमोर उघडणं त्यांना हावरटपणा वाटतो.

नाताळात जर्मनीतल्या नातीनं खोकं पाठवलं. तिकडं भेट देणाऱ्यासमोरच उघडतात, म्हणून पोरगी व्हिडिओ कॉलवर वाट बघत बसली. "नंतर बघू की, घाई काय हाय?" काकू म्हणाल्या. पोरीचा चेहरा उतरला.

फोन ठेवल्यावर उघडलेल्या खोक्यात तिनं स्वतः विणलेली टोपी निघाली. काकूंनी ती घालून परत फोन लावला, तेव्हा पोरगी बोलायलाच आली नाही.

संक्रांतीला काकू तीच टोपी घालून मला तिळगुळाची डबी द्यायला आल्या. मी सवयीनं डबी न उघडताच फळीवर ठेवली.

"उघड की माझ्यासमोर," त्या हळू आवाजात म्हणाल्या.