गंगाखेडच्या खदानीतून काकूचा दगड आणताना

मी मेथीची जुडीसुद्धा उघडून, आत बघूनच घेणारी बाई. त्यामुळे काकू गेल्यावर पिंगळीचे काका म्हणाले, "काकूच्या नावाचा दगड बसवायचाय, गंगाखेडला चल," तेव्हा लगेच निघाले. एकट्या म्हाताऱ्याला दगडवाले गंडवणारच!

परभणीहून सकाळची रेल्वे बरी. खिडकी मिळाली तर तिकीट वसूल. गंगाखेडला उतरून गरम भजी खाल्ली (तेल कालचंच असावं) आणि ग्रॅनाइटच्या दुकानात शिरलो. काळी, चकचकीत लादी दाखवत दुकानदार म्हणाला, "आपल्याच जिल्ह्यातला माल, ताई."

"आपल्याकडं ग्रॅनाइट कुठून आला?"

"तसा तेलंगणातून येतो," तो हसला. "जवळचा म्हटलं की गिऱ्हाइकाला बरं वाटतं."

बघा! पण लादी होती देखणी. "काका, हीच घेऊ. नाव कसं उठून दिसेल!"

"न्हाई. आपल्या खदानीतलाच पायजे." काका पायऱ्या उतरलेसुद्धा.

खदानीला जाताना रिक्षा येण्याजाण्याची ठरवा, परतीला काही मिळत नाही. लग्नानंतर काका-काकूंनी इथंच खडी फोडली. निजामाच्या काळात पुलांना इथूनच दगड गेला, असं मुकादम सांगत होता. कोणत्या पुलाला विचारलं तर डोकं खाजवायला लागला. आता सगळा दगड क्रशरमध्ये जातो, रस्त्यांसाठी. घडवायला कोणी मागत नाही.

काकांनी एक दगड निवडला, हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. पूजल्याशिवाय इथं दगड हलवत नाहीत.

"उद्या टेंपोनं परभणीला तुमच्या घरी पोचवतो," मुकादम म्हणाला. उद्या? म्हणजे मधल्यामधे बदलणार! त्याची पाठ वळताच मी दगडाच्या खालच्या अंगाला नेलपॉलिशचा ठिपका दिला.

दुसऱ्या दिवशी दगड घरी आला. ठिपका जागेवर. शेजारी चुन्याचं एक बोट उमटलेलं होतं. मुकादमाची खूण असेल म्हणून सोडून दिलं. गल्लीतल्या कारागिराकडून नाव कोरून घेतलं आणि दगड पिंगळीला नेला.

अंगणातल्या लिंबाखाली बसवायच्या आधी काका म्हणाले, "उलटा करा जरा." वाकून त्यांनी चुन्याच्या डागावरून बोट फिरवलं. मला हसूच फुटलं.

"म्हणजे तुमचाही मुकादमावर भरोसा नव्हता!"

"त्याच्यावर व्हता की," काका म्हणाले. "दगड तुझ्याजवळ ऱ्हाणार व्हता. तुला ती लादी लय आवडली व्हती."

असा राग आला! परभणीला येईपर्यंत धुसफुसत होते. घरी येऊन पर्स उघडली, तर नेलपॉलिशच्या बाटलीखाली त्या ग्रॅनाइटवाल्याचं कार्ड. दुकानातून निघताना हळूच मागून घेतलेलं, काकांची पाठ वळल्यावर.