पालथं कडं

ताईच्या काचेच्या कपाटात मेक्सिकोची जुनी चांदी पालथी पडलेली असते. कडी, ब्रूच, कानातली, सगळं उलटं. मागच्या बाजूला कारागिराचा शिक्का असतो आणि तिच्यासारख्या संग्राहकांना तोच बघायचा असतो. पुढच्या बाजूला कुणीतरी जीव ओतून कोरलेली फुलं आणि पक्षी. त्यांची तोंडं मखमलीत दाबलेली.

काल माझ्या या थोरल्या बहिणीने मला एक कडं दाखवलं, तेही हातमोजे घालून. त्याची आतली कड झिजून गुळगुळीत झाली होती. त्या परक्या मुलखातली कुणी बाई ते घालून पीठ मळत असेल, पोरांना थोपटत असेल, नवऱ्याशी भांडतही असेल. चांदी अशी अंगावर झिजते, तेव्हा कुठे ती माणसाची होते. ताईच्या कपाटात ती कुणाचीच नाही. त्या काचेवर दगड घालावासा वाटतो मला.

"ताई, आईचे तोडे कुठे आहेत?" मी विचारलं. आईच्या घोट्यांवर त्या तोड्यांचे घट्टे होते. तोडे उतरवले, तरी घट्टे शेवटपर्यंत राहिले.

"ते मोडीत दिले सराफाला," कड्यावर फुंकर घालत ती म्हणाली. "त्यांच्यावर कुठे शिक्का होता?"

मी पुढे झाले. कडं तिच्या हातातून घेतलं, फूल वर करून कपाटात ठेवलं आणि चपला घातल्या. दार ओढून घेताना मागे काच सरकल्याचा आवाज आला. ताई ते पुन्हा पालथं करत होती.