आतल्या अंगाला घातलेलं नाव

भंडाऱ्यात घनश्यामच्या दुकानाला पाटी नाही. चौकात उतरून जाळीवाला घनश्याम कुठं बसतो असं विचारलं, की ऑटोवाला नुसत्या मानेनंच दाखवतो.

बाप पितळी भांड्यांवर नावं घालायचा. दुकानाच्या पायरीवर बसून, मांडीत पाण्याचा गुंड धरून, बारीक छिन्नीनं टक टक टक. मामाकडून भाचीला, दिनांक अमुक. भावाभावांच्या वाटण्या झाल्या, की लोक तोच गुंड घेऊन परत यायचे आणि जुनं नाव घासून द्या म्हणायचे. म्हातारा ऐकत नसे. "घालनं माह्यं काम. मिटवनं नाही." पुढं स्टीलचे दिवस आले, पायरी सुटली. पोराकडं बापाची छिन्नी तेवढी उरली.

ती त्यानं गाड्यांवर चालवली. गाडीच्या तोंडावरची जाळी दिसायला मोठी, पण निम्मी बंदच असते. इंजिन बिचारं बोनेटखालची तापलेली, पातळ झालेली हवा ओढत राहतं, आणि धानाची पोती घेऊन चढावर गाडीला धाप लागते. घनश्याम तो बंद भाग कापायचा. तिथं पितळेच्या तिरप्या पट्ट्यांची जाळी बसवायचा, म्हणजे मळणीतला उडता कोंडा पट्टीला अडून खाली गळावा. जाळीमागून रबरी पाईप थेट एअर फिल्टरपर्यंत. पाईपाचं तोंड मात्र वर, बोनेटच्या कडेखाली चार बोटांवर.

"खाली नेलं त आनखी थंड हवा भेटते," तो प्रत्येकाला बजावे, "पर आपल्या इकडं पावलोपावली तलाव. एक डाव पानी ओढलं का इंजिन गेलंच समज."

आणि जाळीच्या आतल्या अंगाला, कोणाच्या नजरेला पडणार नाही असं, टिंबाटिंबांनी घालायचा: मालकाचं नाव, गाव, तारीख, तोंड चार बोटं.

पहिली जाळी त्यानं केली ती एकोडीच्या पुंडलिकरावांच्या जीपला. साकोलीला आयटीआय शिकताना तो दोन वर्षं त्यांच्याच घरी राहिला होता. त्यांचा मुलगा राजकुमार आणि तो एका बाकावरचे, एका ताटातले. आपल्या गाडीच्या तोंडाला कोणी हात लावू देईना, तेव्हा पुंडलिकराव म्हणाले होते, "काप गा, माह्यी काप. बिघडली त आपलीच बिघडन." त्या एका जीपवर जिल्ह्यातली गिऱ्हाइकं आली.

मग ऑगस्टात एक ओळखीचा पिकअपवाला दुकानी आला आणि खाली न बसताच बोलला, "भाऊ, माह्यी जाळी काढून दे."

"काहून? काय झालं?"

"एकोडीची जीप तुह्या पाईपानं पानी पेली म्हनते. सलंगावर बंद पडली, इंजिन जाम. राजकुमारच सांगून राहिला साऱ्याईले."

तलाव भरला की जादा पाणी सलंगावरून, म्हणजे सांडव्यावरून, रस्त्यावर येतं, ते घनश्यामला ठाऊक होतं. पण ते पाणी चार बोटांपर्यंत चढायचं तर आधी माणूस कमरेच्या वर बुडायला हवा. त्यानं दुकानाचं शटर ओढलं आणि मोटरसायकलला किक मारली.

जीप आवारात उभी होती. पुंडलिकराव खाटेवर. राजकुमार बोनेटशी, मान खाली. घनश्यामनं रामराम केला आणि तसाच गाडीखाली शिरला. त्याचा हात पाईपावरून सरकत गेला आणि थबकला. त्याच्या काळ्या पाईपाला कोणी चकचकीत लाल पाईप जोडला होता. तोंड बंपरच्या खाली, रस्त्यापासून जेमतेम हातभर.

"हे कोनं केलं बे, राजा?"

"कोनं म्हंजे? तूच त केलं."

"मी लाल पाईप कधी आनला? मोबाईलवर पाहून नागपूरले लावून घेतला असशीन."

"बाबूजी, पाहा. आता हा पलटून राहिला."

घनश्याम गाडीखालून बाहेर आला. पाना घेतला, चार बोल्ट सोडले आणि जाळी उलटी करून पुंडलिकरावांच्या मांडीवर ठेवली. म्हाताऱ्यानं चष्मा लावला. टिंबांवरून बोट फिरवलं. स्वतःचं नाव. एकोडी. तारीख. तोंड चार बोटं. मग त्या लाल पाईपाकडं पाहिलं, मग पोराकडं. राजकुमारची आई रुखमाबाई चहा घेऊन उंबऱ्यातच थांबल्या होत्या.

"समजलं मले," पुंडलिकराव म्हणाले.

घनश्यामच्या छातीवरचा दगड उतरला. घटकाभरच.

"पर यानं साऱ्या गावाले सांगून टाकलं गा. दिवाळीनंतर लगन आहे याचं. सोयऱ्याईपुढं हा खोटा पडन. तू भंडाऱ्याचा मानूस, चार महिन्यात लोक विसरतीन." त्यांनी जाळी पुढं केली. "हे अक्षर तेवढं घासून दे."

घनश्यामनं राजकुमारकडं पाहिलं. तो आता डोळ्याला डोळा देत होता.

"दे न बे घासून. तुले काय फरक पडते?"

घनश्यामनं जाळी घेतली, जागेवर बसवली, आणि चारही बोल्ट एकेक करून पुरते आवळले.

"घालनं माह्यं काम, काकाजी," तो म्हणाला. पुढचं म्हणाला नाही.

"चहा त पे रे बाबू," रुखमाबाई म्हणाल्या.

"आज नाही, काकी."

एकोडी, साकोली, पार तुमसरपर्यंत बोलबाला झाला तो राजकुमारच्याच तोंडचा. पाच जणांनी जाळ्या काढून घेतल्या. आतल्या अंगाला काय लिहिलंय ते कोणीच उलटून पाहिलं नाही.

घनश्याम अजून जाळ्या करतो. फक्त नाव आता बाहेरच्या अंगाला घालतो, मधोमध, समोरून येणाऱ्याला वाचता यावं एवढं ठळक. गाव, तारीख, तोंड चार बोटं.

परवा एक जण नवी गाडी घेऊन आला. नमुना पाहून त्यानं तोंड वाकडं केलं.

"भाऊ, हे समोर चांगलं नाही दिसत. आतून घाल न."

"आतून नाही घालत."

"माह्यासाठी बी नाही? आपली एवढी ओळख."

घनश्यामनं छिन्नीला धार लावणं थांबवलं नाही.

"ओळख आहे म्हनूनच," तो म्हणाला.