पुन्हाबुवांचा पाव फेरा

माझा धाकटा भाऊ प्लंबर आहे आणि त्याला काळजी करायची खोड आहे. या दोन गोष्टी एका माणसात असू नयेत. शिवणकाम करणाऱ्याने काळजी केली तर फार तर एखादी टीप जास्त पडते. मी पस्तीस वर्षं शिवणाचे वर्ग घेतले आहेत, म्हणून सांगते. प्लंबरने काळजी केली की पाईप फुटतात.

बावीस वर्षं तो एका मोठ्या हॉस्पिटलच्या पाण्याच्या लाइनी सांभाळतो आहे. तळघरात त्याची छोटी खोली आहे, भिंतीवर लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने टांगलेले पाने, खाली वायसरांचे डबे. काम एकदम चोख. पण काम संपवून, पिशवी भरून, फाटकापर्यंत पोचला की त्याचे पाय अडत. तो जोड नीट बसला असेल ना? मग पुन्हा तळघरात. पुन्हा फाटक. पुन्हा तळघर. तिथल्या लोकांनी त्याचं नाव पुन्हाबुवा ठेवलं होतं आणि त्यात काही चूक नव्हती. घरी यायला त्याला रोज आठ वाजत, आणि बसमध्ये सगळा वेळ उजवा अंगठा तोंडात. त्या अंगठ्याला नख असतं हे मी तर विसरूनच गेले होते.

आमची आई गेली तेव्हा हा सहा वर्षांचा होता आणि मी अठराची. मीच त्याला वाढवलं, त्यामुळे त्याला सुधारण्याचा हक्क माझा, असं मी धरून चालले होते. माझा उपाय एकच, रागावणं. कानीकपाळी ओरडले. नखाला कडू औषध लावून पाहिलं, तर आठवड्याभरात त्याला ती चव आवडायला लागली. सगळं पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी मी म्हटलं, जित्याची खोड मेल्याशिवाय जायची नाही, आणि नाद सोडला.

मग ती चादरींची भानगड झाली.

प्लास्टिकच्या जोडाचं एक साधं गणित असतं. आधी नुसत्या हाताने घट्ट बसेल तेवढं फिरवायचं, मग पान्याने पाव फेरा द्यायचा. झालं. हे त्याने स्वतः कितीतरी जणांना शिकवलं होतं. पण परत जाऊन बघणाऱ्या माणसाची अडचण काय होते? जोड कोरडा असतो. नुसतं बघून मनाचं समाधान होत नाही, हातात तर पाना असतो. म्हणून तो थोडासा पिळायचा. अगदी थोडासा. एका मंगळवारी तो चादरींच्या खोलीतल्या एकाच जोडाकडे तीनदा परत गेला. अति तिथे माती म्हणतात, इथे पाणी झालं. सकाळी खोली उघडली तर घोट्याएवढं पाणी आणि खालच्या फळ्यांवरच्या सगळ्या धुतलेल्या चादरी चिंब. जोडाला उभी चीर गेली होती.

त्याच्या साहेबांनी बोलावून घेतलं. साहेब हळू बोलणारे आहेत आणि तशा माणसांचं बोलणं जास्त लागतं.

"तुमच्या कामात खोट नाही," ते म्हणाले, "पण तुमची काळजी माझी इमारत फोडते आहे. दोन महिने देतो. परत जाऊन आवळल्यामुळे आणखी एक जरी जोड गेला, तरी पाना इथे ठेवायचा आणि सामानाच्या खोलीत बसायचं."

सामानाच्या खोलीत खुर्ची आहे, पंखा आहे, पगार तोच. दुसरा कुणी असता तर आनंदाने गेला असता. हा घरी येऊन माझ्यासमोर बसला आणि रडला. शेहेचाळीस वर्षांचा माणूस. "ताई, पाईपवर हात ठेवला की मला कळतं पाणी कुठे अडलंय. दुसरं काय येतं मला? तिथे बसून दिवसभर वायसर मोजू?" मला ते बघवेना. म्हणून मी त्याला आणखी रागावले.

त्याची बायको, म्हणजे माझी भावजय, तेवढ्यात हसली. ही बाई नको तिथे हसते. बस स्टँडवर चौकशीच्या खिडकीत बसते आणि बहुतेक तिथेच तिला ही सवय लागली असावी.

"ताई, रागावू नका," ती म्हणाली. "माझ्या खिडकीत माणूस येतो, विचारतो, फलाट कुठला? मी सांगते, चार. चार पावलं जातो आणि परत येतो. कुठला म्हणालात? कानाने ऐकलेलं असतं हो, पण मन गाडी चुकेल म्हणून पुढे धावत असतं. मग मी काय करते? परवा एका टकल्या आजोबांना सांगितलं, फलाट चार, तुमच्या डोक्यावर केस आहेत तेवढेच. हसत गेले. परत नाही आले."

"तक्रार करायला वर गेले असतील," मी म्हटलं.

"ह्यांचं तेच होतं," ती पुढे म्हणाली. "जोड आवळताना हे तिथे असतातच कुठे? मग आवळल्याचं आठवणार कसं? गंमत केली की लक्षात राहतं."

तिने ठरवलं की प्रत्येक जोडाला नाव द्यायचं. हॉस्पिटलात जोड शेकड्यांनी आहेत, पण आपल्याकडे नातेवाईक काय कमी आहेत? स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसून त्या दोघांनी यादी केली. सतत पाझरणारा जोड ती आत्या, कारण आमची आत्या कुठल्याही लग्नात नवरीच्या आईच्या आधी रडते. सूं सूं आवाज करणारा तो भावजयीचे वडील. एका सरळ रेषेत कधीच न येणारे दोन पाईप ते तिचे दोघे मेहुणे. पाव फेरा देताना त्या जोडाशी मोठ्याने काहीतरी बोलायचं, बोटाच्या पेराने दोनदा टकटक करायची आणि निघायचं. त्याउपर परत गेलाच, तर घरी येऊन स्वयंपाकघरात नाचून दाखवायचं. आणि अंगठा तोंडाकडे गेला की शीळ वाजवायची, कारण एकच तोंड दोन्ही कामं करू शकत नाही.

मी म्हटलं, "पोरखेळ आहे सगळा."

"हो, आहेच," ती म्हणाली.

पहिला आठवडा फुकट गेला. त्याला लाज वाटायची, म्हणून तो मनातल्या मनात बोलायचा आणि मग नेहमीसारखा परत जायचा. दोनदा नाचला. दुसऱ्यांदा शेजारीणबाई दारात उभ्या होत्या, त्या विरजण न मागताच गेल्या. शिळेचं तर विचारू नका. नुसती हवा यायची, फुस्स. एक नर्सबाई प्राणवायूची नळी गळते की काय म्हणून अख्खा मजला शोधत हिंडल्या.

भावजयीने मग रोज संध्याकाळी त्याची मुलाखत घ्यायला सुरुवात केली. "आज कोण कोण भेटलं?" म्हणजे त्याला मोठ्याने बोलावंच लागलं, नाहीतर सांगणार काय?

"आत्या भेटली. गुडघे दुखतात म्हणाली."

"मग?"

"म्हटलं, आत्या, पाव फेऱ्यात बरं वाटेल. जास्त लाड करणार नाही."

असे पंधरा-वीस जोड तो क्रमाने सांगू लागला. आणि एका बुधवारी ते झालं. फाटकाशी त्याचे पाय मागे वळले, आणि त्याच वेळी आपण दुपारी सासऱ्यांना काय बोललो ते त्याला आठवलं. तो तिथेच एकटा हसत सुटला. फाटकावरचा रखवालदार बघत राहिला. सहाच्या आत तो घरी हजर. भावजयीने आधी त्याला ताप आहे का ते पाहिलं.

मी या सगळ्यापासून फटकून होते. मग एके दिवशी मला कळलं की तळघरातल्या, सगळं पाणी चालू-बंद करायच्या मुख्य चावीचं नाव त्यांनी 'ताई' ठेवलंय. गंजलेली, कुणाचं न ऐकणारी, जोर लावला की किंचाळणारी. दोन दिवस मी दोघांशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी भावजयीने फोन करून सांगितलं, "पण हे म्हणतात, अख्खं हॉस्पिटल तिच्यावर चालतं." मग मी बोलले. काय करणार?

सगळं सरळ झालं असं मात्र नाही. पाचव्या आठवड्यात अंगात कणकण होती तेव्हा तो एका दिवसात तीनदा परत गेला. पण पाना आपल्या खोलीत ठेवून गेला, हात खिशात घालून. घरी येऊन इमानेइतबारे तीनदा नाचला. अंगठ्यावर नखाची बारीक पांढरी कड दिसायला लागली होती. मी ती पाहिली आणि आत निघून गेले. तिथेच बघत राहिले असते तर रडले असते.

दोन महिने संपायला चार दिवस उरले होते. रविवार होता. भावजयीची खिडकीवर पाळी होती, म्हणून तो माझ्याकडे जेवायला आला. ताटं वाढली आणि फोन वाजला. हॉस्पिटलमधून. ऐकता ऐकता त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

"धुलाईच्या लाइनीवर गळतंय," तो म्हणाला. "शुक्रवारी मी केलेला जोड. पाव फेरा दिला आणि निघालो. परत गेलो नव्हतो."

मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात, आणि याच्या मनाने बावीस वर्षं जे चिंतलं होतं ते खरोखर घडलं होतं. मला पहिला विचार काय आला सांगू? परत जायला हवं होतं. ताटावर ताट झाकलं आणि मीही त्याच्याबरोबर निघाले. बसमध्ये तो शीळ वाजवायचा प्रयत्न करत होता, पण ओठ कोरडे पडले होते. "गेली खुर्चीत बसायची वेळ टळून, असं वाटलं होतं," एवढंच तो म्हणाला. मी त्याचा हात धरून ठेवला, लहानपणी धरायची तसा.

तळघरात साहेब स्वतः विजेरी घेऊन उभे होते. जोडाखाली लाल बादली. मी आत डोकावले. बादलीत तांब्याभर पाणी होतं. बावीस वर्षं ज्याला घाबरला, ते एवढंसं.

भावाने वाकून जोडावर हात ठेवला. मग म्हणाला, "काय गं आत्या, रविवारी कसलं रडायचं?" साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

"आतलं रबर बसलं की कधीकधी असं होतं साहेब," तो म्हणाला. पाना लावला आणि दिला फेरा, पाव नव्हे, त्याच्याही निम्मा. फडक्याने जोड पुसला. आम्ही तिघं बघत राहिलो. थेंब जमतो की नाही? साहेबांच्या विजेरीचा प्रकाश जोडावर स्थिर होता. जमला नाही. कोरडा.

पाना अजून जोडावरच होता आणि त्याची बोटं पान्यावर.

"अजून थोडं पिळ ना," कुणीतरी म्हणालं. "एकदाच. खात्रीला म्हणून."

ती मी होते.

तळघरात तो आवाज किती मोठा वाटला! आणि तो आवाज मला ओळखीचा होता. आई गेल्यानंतर सगळं घर माझ्या अंगावर पडलं होतं, मी भेदरलेली होते, आणि शाळेला निघालेल्या त्या सहा वर्षांच्या पोराला मी रोज जिन्यातून परत पाठवायची. कडी लागली का बघ. गॅस बघ. पुन्हा एकदा बघ. त्याला जबाबदारी शिकवते आहे असं मला वाटायचं. माझी भीती मी त्याच्या हातात देत होते, आणि चाळीस वर्षं त्याने ती नीट सांभाळली होती. मला फार वाईट वाटलं.

त्याने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही.

"नको ताई," तो म्हणाला. "पुरे आहे तिला."

पेराने दोनदा टकटक केली, पाना काढला, पुसला आणि पिशवीत टाकला.

"थोडा वेळ थांबून बघायचं का?" साहेबांनी विचारलं. मला वाटतं ते मुद्दाम विचारत होते.

"गळलंच तर फोन करा साहेब, मी येईन," तो म्हणाला. "ताईकडे ताट वाढून ठेवलंय."

साहेबांनी बादली उचलली आणि पाणी मोरीत ओतलं. ओतता ओतता म्हणाले, "उद्या तिसऱ्या मजल्याची लाइन बदलायची आहे. आठ वाजता या. तुमचे पाने घेऊन."

तो "हो" म्हणाला आणि जिना चढायला लागला. मी मागून निघाले. वरच्या दारापाशी माझे पाय थांबले. मी वळून त्या जोडाकडे पाहिलं, एकदा, आणि मग आणखी एकदा. तो बाहेर उन्हात उभा राहून मला हाका मारत होता.