दोन बाराव्या

जळगावला लागून असलेल्या पिंप्राळ्यात मामाच्या घरी आम्ही दोघी एकाच वर्षी बारावीला होतो, पण मामीच्या हिशेबात बारावीला एकच होती. मामेबहीण सायन्सला. मी व्होकेशनलला, म्हणजे किमान कौशल्याच्या फळबागेच्या अभ्यासक्रमाला, जो तेव्हा नुकताच निघाला होता. घरी पाहुणे आले की मामी ओळख करून द्यायची, "ही आमची सायन्सला आहे." मग माझ्याकडे बघून जरा अडखळायची. "आणि ही... ही पण शिकते."

माझ्या नाकाला मिरच्या झोंबायच्या. मामी वाईट नव्हती, दोघींना सारखंच वाढायची. पण तिला वाटायचं की शिक्षण म्हणजे जर्नल, ट्यूशन आणि पहाटेचा गजर. बहीण सकाळी सायकलवर फिजिक्सच्या ट्यूशनला जायची तेव्हा मी कॉलेजच्या मागच्या प्लॉटवर लिंबाला डोळे भरत, म्हणजे कलमं करत असायचे. घरी येताना माझ्या नखांत माती असायची. "हे शिकायला जळगावला कशाला यायला लागतं? यावलला बापाच्या बागेत काय कमी माती होती?" असं मामी म्हणायची आणि मी काहीतरी उलट बोलायचे.

खरं सांगायचं तर दहावीला मी गणितात काठावर सुटले होते, म्हणून सायन्सच्या वाटेला गेले नाही. पण एकदा शिरल्यावर मला तो अभ्यास मनापासून आवडला. आमच्या बागेत वर्षानुवर्षं जे होत होतं, ते का होतं हे मला पहिल्यांदा तिथे कळलं. आणि मग डोक्यात एकच गोष्ट बसली, शेतकी कॉलेजात जाऊन पदवी घ्यायची. आमच्या घरात तोवर कुणी पदवीधर नव्हतं, आणि मुलगी तर नाहीच नाही.

बारावीचा निकाल लागला, दोघी पास झालो. बहिणीचं मेडिकल हुकलं, म्हणून मामाने तिचाही अर्ज धुळ्याकडच्या एका शेतकी कॉलेजात टाकला. तिला लगेच प्रवेश मिळाला. माझा अर्ज घेऊन भाऊ स्वतः त्याच कॉलेजात गेले. वडिलांना आम्ही भाऊ म्हणायचो. पहाटेच्या एसटीने गेले ते दिवेलागणीला परत आले, टोपी मागे सरकवलेली, चेहरा फुललेला.

"झालं," ते आईला म्हणाले. "पोरीचं पक्कं झालं. प्रिन्सिपॉल सायबानं मले आत बलावलं, बागेचं इचारलं, नि चहा पाजला."

आता हे समजायला आमच्याकडचा रिवाज माहीत हवा. केळीच्या बागेचा सौदा तेव्हा तोंडी व्हायचा. व्यापारी बागेत फिरायचा, घड दाबून बघायचा, भाव बोलायचा. भाव पटला की दोघे ओट्यावर बसून चहा प्यायचे. चहा पोटात गेला की मग बाजार चढो नाहीतर पडो, शब्द फिरायचा नाही. चहानंतर शब्द फिरवणाऱ्याला गावात पुन्हा कुणी बाग दाखवत नसे. साहेबांनी अर्ज बघितला, "बघू, होऊन जाईल" म्हणाले आणि चहा मागवला. भाऊंच्या दृष्टीने सौदा झाला होता.

आईने माझ्या प्रवेशासाठी मनुदेवीला नवस बोलला होता. तिने प्रवेशाच्या कागदाचीही वाट बघितली नाही. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात, तसं आमचं झालं. पुढच्या मंगळवारी नवस फेडायला सगळी भावकी सातपुड्याच्या पायथ्याशी देवीच्या देवळात जमली. केळीच्या पानांवर वरण-बट्टी, घोटलेल्या वांग्यांची भाजी, तुपाची धार. पिंप्राळ्याहून मामीही आली आणि चार बायकांत म्हणाली, "आमच्या दोघी पोरी आता शेतकी कॉलेजला." ते "दोघी" ऐकून मी दोन बट्ट्या जास्त खाल्ल्या.

फी भरायला भाऊंबरोबर धुळ्याला गेले तेव्हा खिडकीतल्या कारकुनाने माझी गुणपत्रिका उलटसुलट करून बघितली आणि मान हलवली. "बारावी तर शे, पन आठे चालत नही. सायन्स जोयजे."

माझी बारावी इथे चालत नव्हती, सायन्सचीच लागत होती. माझ्या तोंडचं पाणी पळालं. मग राग आला. "काका, तुम्ही इथे झाडं लावायलाच शिकवता ना? मी लावून आलेय."

"मना हातमा काय शे, ताई?" तो म्हणाला. तो खरंच ओशाळला होता, त्यामुळे त्याच्यावर नीट चिडताही येईना.

मी मागे बघितलं तर भाऊ नव्हते. ते सरळ प्रिन्सिपॉलांच्या खोलीत शिरले होते. मी धावत गेले तेव्हा ते टेबलासमोर उभे राहून बोलत होते, आणि आवाज बागेतल्यासारखा मोठा लागला होता.

"सायेब, तुमी मले चहा पाजला. आमच्याकडे चहा झाल्यावर शबुद फिरवत नाही कोनी. मी बठ्ठ्या भावकीले बट्टी जेऊ घातली. आता कोनत्या तोंडानं घरी जाऊ?"

साहेबांना आधी काहीच कळलं नाही. कोणता चहा, कसली बट्टी? भाऊंनी त्यांना सौद्याचा सगळा रिवाज समजावून सांगितला. मला वाटलं, जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं. साहेब हसले, मग हसायचे थांबले आणि भाऊंना खुर्ची दिली.

"नियमात व्होकेशनलला घ्या असं लिहिलेलं नाही आणि घेऊ नका असंही नाही," ते म्हणाले. "विद्यापीठाला विचारलंय. उत्तर कधी येईल सांगता येत नाही." मग माझ्याकडे वळले. "तुमच्या बारावीत केमिस्ट्री किती झालं?"

"खतांपुरतं."

"मग पहिल्याच सत्रात बुडाल."

"बुडले तर काढून टाका," मी म्हटलं. भाऊंनी माझ्याकडे असं बघितलं की मी पुढचं गिळलं.

साहेबांनी मात्र तेच धरलं. तात्पुरता प्रवेश. पहिल्या सत्राचे सगळे विषय एका झटक्यात सुटले तर ते माझ्यासाठी विद्यापीठाशी भांडणार आणि प्रवेश कायम करून आणणार. एक जरी विषय राहिला तर नाव कमी, पुन्हा अर्ज नाही. कबूल? मी कबूल म्हटलं.

होस्टेलवर मामेबहीण आणि मी एकाच खोलीत होतो. पहिले दोन महिने मी रोज रडले, हे लपवण्यात अर्थ नाही. वर्गात सर फळ्यावर एक समीकरण लिहायचे आणि "हे तुम्हाला बारावीला झालंच आहे" म्हणून पुढे सरकायचे. माझ्या बारावीला ते झालं नव्हतं. बहिणीने आपल्या अकरावीच्या वह्या घरून मागवल्या आणि मला अगदी पहिल्यापासून शिकवायला घेतलं. ती कडक मास्तरीण होती. एकच चूक दोनदा केली की पेन्सिल बोटांवर बसायची. शेतावरच्या प्रॅक्टिकलला उलटं व्हायचं. तिच्या हाताला फोड यायचे, कलम बांधताना पट्टी सुटायची, आणि मी तिला ओरडायचे. एकदा ती वैतागून म्हणाली, "दोघींच्या बाराव्या मिळून एक धड बारावी झाली असती बघ." मला ते पटलं. मामीने आम्हाला दोन वर्षं जोखलं होतं, पण एकमेकींना काय येतं हे आम्ही दोघींनीही कधी विचारलं नव्हतं.

दिवाळीत गावी गेले तर जो भेटेल तो विचारायचा, "मंग, कधी होतीस सायबीन?" मी हसून वेळ मारून न्यायचे. तात्पुरत्याचं कुणाला माहीत नव्हतं. भाऊंनी चकार शब्द काढला नव्हता.

निकाल लागला त्या दिवशी बहिणीने मला ओढत फलकापाशी नेलं, कारण माझी जायची हिंमत होईना. तिनेच वाचलं. आधी स्वतःचं नाही, माझं. मग ती इतक्या जोरात ओरडली की व्हरांड्यातले सर वळून बघायला लागले. सगळे विषय सुटले होते! केमिस्ट्री काठावर, पण सुटलं होतं. फळशास्त्रात मी वर्गात पहिली होते. तिचे एकूण गुण माझ्यापेक्षा जास्त होते आणि मला त्याचं काडीचंही वाईट वाटलं नाही. आम्ही दोघी तिथेच एकमेकींना धरून नाचलो. जन्मात काठावर पास होण्याचा असा आनंद मला कधी झाला नव्हता.

एसटीडी बूथवरून गावच्या सोसायटीत फोन लावला. कुणीतरी भाऊंना हाक मारून आणलं.

"भाऊ, सगळे सुटले."

ते घसा खाकरून म्हणाले, "मंग आता तुह्या मायले खरं सांगू का?"

म्हणजे आईलाही त्यांनी सांगितलं नव्हतं. सगळं सत्र तो माणूस एकटाच ते ओझं घेऊन बागेला पाणी भरत होता. मी बूथमध्येच हुंदके द्यायला लागले आणि बूथवाला घाबरला. आईला खरं कळलं तेव्हा तिला धक्काबिक्का काही बसला नाही. "नवस पह्यलेच फेडला होता," ती म्हणाली. "देवीची काय टाप होती नाही म्हन्याची?"

साहेबांनी शब्द पाळला. माझ्या गुणांचा कागद घेऊन ते स्वतः विद्यापीठात गेले, आणि पुढच्या प्रवेशांच्या आत तिथून पत्र आलं. माझा प्रवेश कायम, आणि फळबागेच्या व्होकेशनल बारावीला यापुढे अर्ज करायला मुभा.

त्या जूनमध्ये मी कॉलेजात शिरत होते तर खिडकीशी चोपड्याकडचे एक गृहस्थ मुलीला घेऊन उभे होते. मुलीच्या नखांत माती होती. ती दबक्या आवाजात कारकुनाला म्हणत होती, "माझी व्होकेशनल आहे, काका." तो काही बोलणार तेवढ्यात त्याची नजर माझ्यावर पडली आणि त्याने हात करून मला बोलावलं. "ह्या ताईले इचारा," तो त्या गृहस्थांना म्हणाला. "तिले बठ्ठं माहीत शे."

त्या मुलीने माझ्याकडे वळून घाईघाईने विचारलं, "ताई, घेतात का आपल्याला?"

"घेतात," मी म्हटलं. "पण केमिस्ट्रीचं पुस्तक आजच घे आणि संध्याकाळी होस्टेलवर ये, दोघी बहिणी मिळून शिकवू."

मग मी तिच्या शेजारी खिडकीशी उभी राहिले आणि तिने अर्ज आत सरकवला. कारकुनाने शिक्का मारला.