फळ्यांखालून ऐकलेलं गाणं

सुतारमिस्त्री आणि त्यांचा मेहुणा, दोघंही एका बँडसाठी वेडे. बँड फुटण्याआधीच्या शेवटच्या कार्यक्रमाचं स्टेज मिस्त्रींनीच बांधलं होतं. पहिल्याच गाण्याला ड्रमखालचा टेकू सरकला. मिस्त्री स्टेजखाली शिरले आणि कार्यक्रम संपेपर्यंत फळीला खांदा लावून उभे राहिले. मेहुणा पहिल्या रांगेत नाचत होता.

पुढे तीस वर्षं तो त्यांना सगळा कार्यक्रम रंगवून सांगायचा. शेवटचं गाणं तेवढं सांगायचा नाही.

"ते सांगून कळायचं नाही दाजी, समोर असायला हवं होतं," म्हणून चिडवायचा.

आता पक्षाघाताच्या झटक्यानंतर मेहुण्याच्या डोक्यातून बरंच पुसलं गेलं होतं. खाटेवरून त्याने विचारलं, "दाजी, शेवटचं गाणं कुठलं हो? तुम्ही होतात ना?"

"होतो की. पण स्टेजच्या पोटात. तिथे नुसती धडधड."

मिस्त्रींनी खाटेच्या कडेवर बोटांनी ताल धरला. त्याच ठेक्यावर तेव्हा मानेवर भुसा पडत होता.

मेहुणा कान देऊन ऐकत होता. "हेच ते. पुढे?"

"पुढचं तुझ्याकडे होतं रे," मिस्त्री म्हणाले आणि तेवढंच पुन्हा वाजवू लागले.