नवऱ्याला जागा दे

ती घटना आठवली की आजही हसू येतं. दुष्काळाची वर्षं होती. मी संभाजीनगरात पोलीस हवालदार होते. चार माणसांत बोलायला मला कधीच जमलं नाही, म्हणून ठाण्यात बायकांच्या तक्रारी आल्या की मी बाजूला बसून ऐकायची.

बजाजनगरातून एक तरुण सून बेपत्ता असल्याची खबर तिच्या सासूनं आणि नवऱ्यानं येऊन दिली. नवरा कंपनीत रात्रपाळी करायचा. घर म्हणजे एकच खोली. गावाकडं, अजिंठ्याच्या बाजूला, पाणी संपलं तशी सासू आली, मागून दीर, जाऊ आणि त्यांची लेकरंही आली. एकटा सासरा गुरं घेऊन तिकडंच चारा छावणीत राहिला.

सासूचं म्हणणं एकच होतं. सून दिवसभर मोबाईलवर कोणाशी तरी बोलायची, ती पळाली असणार. ठाणे अंमलदारानं मात्र नोंदीत 'पळाली' लिहिलं नाही. 'कोणास काही न सांगता निघून गेली' एवढंच लिहिलं. तो एक शब्द पडला असता तर पोरीला परत घरात पाय ठेवता आला नसता.

मोबाईल ती घरातच ठेवून गेली होती. पळून जाणारं माणूस कपडे विसरेल, मोबाईल विसरत नाही. म्हणून मला दुसरीच भीती वाटायला लागली. आम्ही आसपासच्या विहिरी पाहून आलो. सगळ्या कोरड्या होत्या. त्या वर्षी कोरड्या विहिरीचं बरं वाटलं ते तेवढंच.

आमच्या फौजदार मॅडमनी नवऱ्याला समोर बसवलं. मारहाण केली का, दारू पितोस का, सगळं विचारलं. तो खाली मान घालून नाही म्हणत राहिला. शेवटी मॅडमनी विचारलं, "मग भांडण झालं होतं का?"

"भांडायला बी जागा पाहिजे ना मॅडम," तो म्हणाला.

रात्रपाळीहून आला की त्याला झोपायला कोपरा मिळायचा नाही. लेकरं अंगावरून पळायची. तो चिडायचा, कोणाशी बोलायचा नाही. बायकोशी तर मुळीच नाही.

मग मॅडमनी मोबाईल उघडला. ज्या माणसाशी सून बोलायची ती पुण्याची एक बाई निघाली. संसाराचे सल्ले देणारे तिचे व्हिडिओ बायकांच्या ग्रुपवर फिरत असत. सुनेनं तिला आवाजात निरोप पाठवला होता, की नवरा बोलत नाही, काय करू. त्या बाईचं उत्तर मॅडमनी सगळ्यांसमोर लावलं. आवाज गोड होता.

"त्याचा श्वास कोंडतोय गं. त्याला थोडी जागा दे. काही दिवस तरी."

सल्ला चांगलाच होता. मॅडम म्हणाल्या, यात काही वावगं दिसत नाही, आणि मलाही दिसलं नाही. सासू मात्र पदर तोंडाला लावून एकदम खाली बसली.

"जागा दे म्हणली व्हय? मग दिली तिनं. लई सरळ हाय वो माही सून. तिला प्यायला पाणी आण म्हणलं तर हंडा भरून आणती."

"पण गेली कुठं?"

"जिथं जागा हाय तिथं. छावणीत. म्हातारा एकटाच हाय."

सकाळपासून सुनेला नावं ठेवणारी सासू लेकाला घेऊन आमच्या आधी जीपमध्ये जाऊन बसली.

छावणीत हिरव्या जाळीच्या सावलीला सून भाकरी थापत होती आणि सासरा समोर बसून खात होता. त्याला वाटलं होतं, पोरानंच तिला आपल्याकडं धाडलं. पोलीस पाहून तो घास हातात धरून उभा राहिला. सुनेनं डोक्यावर पदर घेतला आणि नवऱ्याकडं न पाहता मला विचारलं, "त्यांची झोप झाली का?"

मॅडम रागावल्या. सांगून का गेली नाहीस, मोबाईल का ठेवलास? ती हळूच म्हणाली, "सांगितलं असतं तर जाऊ दिलं नसतं. आन् मोबाईल नेला असता तर हे फोन करत बसले असते. मग जागा कसली?"

नवरा गुरांकडं पाहत बोलला. "तू गेलीस तर खोली लई मोठी झाली. डोळाच लागंना."

सासूनं पिठाची परात पुढं ओढली आणि सुनेला म्हणाली, "ऊठ आता. करपती भाकर."

जबाबात घर सोडण्याचं कारण तिनं 'नवऱ्याला जागा देण्याकरिता' असंच सांगितलं. मॅडमनी ते तसंच राहू दिलं. पुण्याच्या बाईला त्यांनी फोनवर सगळं कळवलं. तिनं आधी पोरगी सुखरूप आहे ना, ते विचारलं. मग म्हणाली, "मी घरात खोल्या किती, हे विचारलंच नाही हो."

नंतर माझी नेमणूक महिला कक्षात झाली. तिथं भांडलेली जोडपी समजुतीसाठी यायची. मोबाईलवर ऐकलेले सल्ले घेऊन येणाऱ्या बायका वर्षागणिक वाढत गेल्या. सल्ला लांबून आला म्हणून वाईट नसतो, पण त्याला आपलं घर दिसत नाही. मी फारसं बोलायची नाही. पाणी द्यायची आणि भांडणाचं काही विचारायच्या आधी एवढंच विचारायची, "तुमच्या घरात कोण कुठं झोपतं?" पुष्कळदा अर्धं भांडण तिथंच कळायचं.